वन्संची एक मैत्रीण

१ मार्च

आमच्या अभ्यासक्रमात सांगितलंय की समुपदेशकानं दैनंदिनी लिहावी, मनात येईल ते लिहावं आणि स्वतःला फसवू नये. शेवटची अट जरा जड आहे, पण बघू.

तर मी. वय अठ्ठेचाळीस. धंदा, लोकांना मोटार चालवायला शिकवणे. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी लोकांना क्लच हळू सोडायला सांगतेय. गाडी शिकताना माणसं फार बोलतात. नजर रस्त्यावर असते, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे सिग्नलला थांबल्या थांबल्या सासू, साहेब, मोडलेलं लग्न सगळं बाहेर पडतं. उतरताना म्हणतात, "मॅडम, तुमच्याशी बोलून फार बरं वाटलं." असं म्हणून म्हणून लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी समुपदेशनाच्या वर्गात नाव घातलं. लेखी पेपर सुटले. आता उरलंय प्रत्यक्ष काम. दवाखान्यामागच्या केंद्रात जायचं, खऱ्या माणसासमोर बसायचं, आणि त्याच्या परवानगीनं केलेलं रेकॉर्डिंग पर्यवेक्षक बाईंना ऐकवायचं. या बाई दोन वाक्यांच्या मध्ये इतका वेळ गप्प बसतात की मी मनातल्या मनात त्यांचं नाव मौनीमॅडम ठेवलंय.

घरात आम्ही चौघं. हे, म्हणजे माझा नवरा, ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. लेक कॉलेजात. आणि वन्सं, ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर इस्पितळाची लाँड्री सांभाळली, निवृत्त झाल्यापासून समोरच्या खोलीत राहतात. माझ्या चहाला त्यांनी आजवर एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. आज मी जेवताना जाहीर केलं की पास झाले की घरातच काम सुरू करणार, आणि त्याला समोरची खोली उत्तम. तिला रस्त्याकडून वेगळं दार आहे, क्लायंटला आमच्या स्वयंपाकघरातून यायला नको. वन्सं मधल्या खोलीत झोपतील. तिला खिडकी नाही, पण झोपायला खिडकी कशाला लागते?

वन्सं "बरं" म्हणाल्या. एका शब्दात. किती समजूतदार बाई!

४ मार्च

गृहपाठ आहे, ओळखीच्या माणसाची एखादी छोटी अडचण अर्धा तास नुसती ऐकायची. सल्ला द्यायचा नाही. ह्यांना बसवलं. हे म्हणाले, "मला काही अडचण नाही." मी म्हटलं, "ही तर सगळ्यात मोठी अडचण." मग ह्यांनी बराच विचार करून सांगितलं की त्यांना लिफ्टची भीती वाटते.

मी हुरळून गेले. इतक्या वर्षांच्या संसारात मला पत्ता नव्हता! दुकान तळमजल्यावर, घर तळमजल्यावर, म्हणजे माणसानं भीतीपोटी आख्खं आयुष्य तळमजल्यावर काढलं. मी विचारलं, "लिफ्टमध्ये गेल्यावर शरीरात काय होतं?" हे म्हणाले, "गुडघे दुखतात." लेक पुस्तकात तोंड खुपसून खिदळत होती. वर्गात शिकवलंय, घरातलं माणूस मोकळं व्हायला लागलं की बाकीचे अस्वस्थ होऊन हसतात. तिच्याकडे नंतर बघेन.

शेवटी हे म्हणाले, "झालं का? तुला उपयोग झाला ना?" माझी केवढी काळजी आहे बघा त्यांना, स्वतःच्या भीतीच्या भरातसुद्धा.

९ मार्च

पहिला क्लायंट! बेकरीवाला, चाळिशीचा, हात मोठे आणि आवाज बारीक. झोप लागत नाही. पहाटे उठायचं असतं म्हणून लवकर पडतो आणि छताकडे बघत राहतो. मध्येच म्हणाला, "भाऊ गेल्यापासून भट्टीपाशी एकटाच असतो मी," आणि त्याचा आवाज चिरकला. मी ताबडतोब टिशूचा डबा पुढे केला, पाणी दिलं, माझ्या मावसभावाची गोष्ट सांगितली, गरम पाण्यात पाय बुडवून बसायला सांगितलं. शिवाय दीर्घ श्वास, झोपायच्या आधी मोबाइल बंद आणि संध्याकाळचा फेरफटका. माणूस अगदी शांत झाला. एक शब्द बोलला नाही.

पहिल्याच सत्रात एवढी शांतता! मी घरी येऊन स्वतःसाठी आइस्क्रीम आणलं.

१३ मार्च

समोरच्या खोलीची मापं घेतली. फीत घेऊन गेले तेव्हा वन्सं पलंगावर पेपर वाचत होत्या. पलंगाखालून फीत न्यायची होती, तर त्यांनी न सांगता पाय वर घेतले. मी म्हटलं, "थँक यू हं वन्सं." दोन खुर्च्या, एक छोटं टेबल, भिंतीला फिकट हिरवा रंग. हिरवा रंग माणसाला आपलंसं वाटायला मदत करतो असं वाचलंय. वन्संना विचारलं, पडदा कोणता चांगला दिसेल? म्हणाल्या, "मी कुठे बसणार आहे इथे? तुझ्या लोकांना आवडेल तो घे."

बरोबरच आहे त्यांचं. क्लायंट मध्यभागी हवा. वन्संना हे तत्त्व उपजतच कळतं.

१६ मार्च

बेकरीवाला आला नाही. मी खुर्चीत बसून राहिले. आधी वाटलं गाडी चुकली असेल. मग वाटलं, बरा झाला असेल. मग भिंतीवरच्या घड्याळाचा फार राग आला. शेवटी मी टिशूच्या डब्यातला एक टिशू स्वतःच वापरला.

मौनीमॅडमनी त्याचं रेकॉर्डिंग लावलं. त्याचा आवाज चिरकला, लगेच माझा आवाज सुरू झाला, आणि तो संपेचना. मावसभावाच्या गोष्टीपाशी मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मॅडमनी बंद केलं. गप्प बसल्या. मीही बसले, मग राहवेना म्हणून म्हटलं, "त्याला रडू येत होतं, मॅडम. मी सावरलं."

"त्याला सावरलंत की स्वतःला?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. पण नंतर त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. माझा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता. आमच्या शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला की मी दाबते. बावीस वर्षं पाय तेच करतोय, मला पत्ता न लागू देता. म्हणजे माणूस नको त्या वळणाकडे निघाला की मी ब्रेक मारते, आणि त्याला तर तिकडेच जायचं असतं.

मॅडम म्हणाल्या, "त्याला फोन करा. 'तुम्ही बोलत होतात आणि मी तोडलं' एवढं सांगा. गरम पाण्याचं विचारू नका."

फोन केला. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बघतो, मॅडम."

२२ मार्च

आज रविवार. सहा दिवस तोंड पाडून बसले होते. ह्यांनी मला खूश करण्यासाठी लिफ्टच्या जोडीला पालीची भीती काढली. पण परवाच त्यांनी चपलेनं पाल बाहेर घालवली होती, तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. म्हणजे लिफ्टसुद्धा? लेक म्हणाली, "आई, बाबांनी ती भीती माझ्याकडून उसनी घेतली होती. मैत्रिणीच्या आजीची आहे." माझा पूर्ण पोपट झाला. सगळं घर माझी हौस भागवत होतं तर!

तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "मी बसते तुझ्यासमोर. माझ्या एका मैत्रिणीचं आहे, चालेल?"

आता वन्संना कुठल्या मैत्रिणी? पण माझा विरस होऊ नये म्हणून बिचाऱ्या काहीतरी रचणार, हे मला ह्यांच्यावरून कळलंच होतं. मीही ठरवलं, यांचं मन मोडायचं नाही. फोन रेकॉर्डिंगला लावला. मैत्रीण म्हणे भावाकडे राहते. सगळे चांगले वागतात. पण तिला हल्ली वाटतं की आपण दारात ठेवलेल्या सामानासारख्या आहोत, कुणी वाईट बोलत नाही, फक्त वळसा घालून जातात. म्हणून ती दुसरीकडे जागा बघतेय.

रचायला वन्सं ह्यांच्यापेक्षा कितीतरी पटीनं हुशार! मी म्हटलं, "मैत्रिणीला सांगा, मोकळेपणानं बोलावं. आणि जागा बघतेय हे छानच, स्वतःच्या पायावर उभं राहणं महत्त्वाचं." वन्संनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बरं, सांगते."

२९ मार्च

घरात चमत्कार घडतोय. वन्संनी आपलं कपाट रिकामं करायला घेतलंय. शिवणयंत्र शेजारणीला दिलं. थंडीचा लांब कोट लेकीला दिला. ती म्हणाली, "आत्या, तुला लागेल की." तर म्हणाल्या, "तुला जास्त शोभतो." चादरींच्या घड्या घालून एका बॅगेत रचल्यात, कोपऱ्याला कोपरा. आणि कहर म्हणजे माझ्या चहाला आठवडाभर नावं ठेवलेली नाहीत.

नाटकापुरतं का होईना, माणूस बोलला की मोकळा होतो, हे पुस्तकात आहेच. ह्यांना म्हटलं, "बघितलंत? एका सत्रात!" हे चष्मा पुसत म्हणाले, "ताई जरा गप्प गप्प वाटते मला." ह्यांना माणसं वाचता येत नाहीत. भिंगं घासून घासून दूरचं दिसतं फक्त.

६ एप्रिल

बेकरीवाला आला!

खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आज काय सांगणार आहात?" मी म्हटलं, "काही नाही." दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीला अडकवून ठेवले होते. भावाचं नाव त्याच्या तोंडात आलं, आवाज तसाच चिरकला, आणि माझा हात टिशूच्या डब्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत मी तो मांडीखाली दाबला. बसून राहिले. मला फार भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. माणूस समोर फुटतोय आणि आपण खांबासारखे बसलोय. पण तो रडत रडत बोलायला लागला. भावाशी शेवटचं भांडण झालं होतं ते यीस्टवरून. साध्या यीस्टवरून! नंतर भावानं दोनदा हाक मारली होती, हा भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. हे तो आजवर बायकोलाही बोलला नव्हता.

जाताना त्यानं विचारलं, "पुढच्या वेळी हीच वेळ ना?" मी फक्त मान हलवली. तोंड उघडलं असतं तर मीच रडले असते.

७ एप्रिल

मौनीमॅडमनी कालचं ऐकलं आणि "हं" म्हणाल्या. त्यांच्या भाषेत हे हार घालण्यासारखं आहे. त्या धुंदीत मी म्हटलं, आणखी एक ऐका, माझ्या नणंदेचं, कल्पित आहे पण फार सुंदर रचलंय. आणि लावलंसुद्धा.

मॅडमनी थोडंसं ऐकलं आणि हातानं थांबवलं.

"ही मैत्रीण कोण?"

"कुणी नाही हो. माझ्यासाठी रचलेली."

"घरच्या माणसाला क्लायंट करायचं नाही, हे आपण पहिल्या आठवड्यात शिकलो." मग नेहमीचं मौन. मग म्हणाल्या, "मी हे पुढे ऐकणार नाही. माझं नाही ते. तुम्ही ऐका. विद्यार्थिनी म्हणून नको, भावजय म्हणून ऐका."

गाडीत बसून ऐकलं. वन्संचा आवाज इतका सपाट, जणू लाँड्रीतले कपडे मोजतायत. "ती म्हणते, खोलीचं काही नाही. खोली गेली तर गेली. तिला फक्त..." आणि तिथे मी. "थांबवते हं वन्सं, इथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे, स्वावलंबनाचा." स्वावलंबनावर मी किती बोललेय! मागे वन्संचा एक श्वास ऐकू येतो, पुढचा शब्द घेतलेला आणि तसाच परत सोडलेला.

शिवणयंत्र. कोट. चादरींची बॅग. पाय वर घेतले होते त्यांनी, माझी फीत जावी म्हणून.

मला माझी इतकी लाज वाटली की मी गाडीत एकटीच "अगं बावळट" म्हणून ओरडले. रस्त्यावरच्या माणसानं वळून बघितलं.

रात्रीपर्यंत थांबणं जमेना. तडक घरी गेले. वन्सं समोरच्या खोलीत बसल्या होत्या, बॅग बंद करून. मी समोर बसले आणि तोंडातून काय निघालं? "तुम्हाला असं वाटतंय का, वन्सं, की..."

"ते तुझं वर्गातलं बंद कर."

बंद केलं. मग विचारलं, "मैत्रीण कधी निघालीय?"

वन्संनी खिडकीबाहेर बघितलं. "सोमवारी. बायकांचं वसतिगृह आहे, नदीच्या पलीकडे. सगळं ठरलंय."

"खोली नको मला. तुमचीच आहे, तुम्हीच..."

"खोली देऊ नकोस आता," वन्सं म्हणाल्या. "खोली मी दिलीच होती. तू मागितली असतीस तर हसत दिली असती. पण तू जेवताना सांगितलंस, भाजी संपलीय म्हणून सांगावं तसं. मग फीत घेऊन आलीस. मला फक्त..."

थांबल्या. मला दहा गोष्टी सांगायच्या होत्या. की माझं लक्ष नव्हतं, की अभ्यासाचा ताण होता, की मनात वाईट काही नव्हतं. सगळ्या खऱ्या होत्या आणि सगळ्या माझ्याबद्दल होत्या. मी काहीच बोलले नाही.

"मला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं," वन्सं म्हणाल्या. "जाऊ का, राहू का, काहीही. मी बॅग भरतेय, यंत्र देऊन टाकतेय, आणि तू मला म्हणतेस, किती छान आवरताय! समोर बसून सांगितलं, तेही तुझ्या फोनात घालून. तरी म्हणालीस, जाऊ दे तिला, स्वतःच्या पायावर उभी राहील. बेचाळीस वर्षं काम केलंय मी. आणखी किती उभी राहू?"

यावर काय म्हणायचं ते कुठल्याच धड्यात नाही. मला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती, या खरंच जातील याची. ते तसंच बाहेर पडलं. "वन्सं, तुम्ही गेलात तर मला करमणार नाही हो. मला ओरडणारं कुणी राहणार नाही घरात."

"हे तुझ्या पुस्तकात आहे?"

"नाही. पुस्तकात असं बोलायला बंदी आहे."

"मग खरं असेल," वन्सं म्हणाल्या. पण बॅग उघडली नाही.

१३ एप्रिल

सोमवार. सकाळी वन्संनी साडी नेसून विचारलं, "सोडतेस का मला वसतिगृहाशी?" आठवडाभर मी एकदाही विचारलं नव्हतं की काय ठरलं. म्हणजे, तोंडाशी रोज आलं होतं. ह्यांनी मात्र विचारलं, "ताई, जाऊ नकोस ना," आणि कालपासून जेवले नाहीत. ह्यांचं हे पहिलंच खरं दुखणं आणि त्याला माझी काहीच मदत नाही.

बॅग मागच्या सीटवर ठेवली. पूल आला, गेला. वसतिगृहाच्या फाटकाशी वन्सं उतरल्या आणि म्हणाल्या, "बॅग राहू दे. मी बोलून येते."

मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. दोनदा वाटलं आत जावं आणि तिथल्या बाईंना सांगावं की यांना खोकल्याचं औषध लागतं, भातात मीठ चालत नाही, आणि त्या "बरं" म्हणाल्या की समजा काहीतरी बिनसलंय. हे सगळं मला ठाऊक होतं तर! मग माझ्याच घरात त्या "बरं" म्हणाल्या, तेव्हा मी काय ऐकत होते?

वन्सं आल्या. मागचं दार उघडलं नाही. पुढे येऊन बसल्या.

"खोली चांगली आहे," म्हणाल्या. "दोन खिडक्या. बायकाही चांगल्या. फार गोड बोलतात. चहा दिला, तोही बरा होता."

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"नुसतं गोड गोड. असं किती दिवस चालायचं? भांडायला कुणी नको का माणसाला?" त्यांनी पदर सारखा केला. "नाही सांगून आले. असं फोनवर सांगणं बरं दिसत नाही. चल घरी."

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, फाटकासमोर, हुंदके देऊन. वन्संनी पाठ थोपटली नाही, रुमाल दिला नाही, रडू नको म्हणाल्या नाहीत. सरळ समोर बघत बसून राहिल्या, माझं संपेपर्यंत. मौनीमॅडमना दाखवायला हवं होतं कुणीतरी.

मग मी नाक पुसलं आणि विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेन. "वन्सं, मी पास झालेच, तर मंगळवारी सकाळी दोन तास तुमची खोली मिळेल का मला?"

वन्संनी विचार केला. चांगला सावकाश केला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला तरी केला.

"बघते," म्हणाल्या.